सशाच्या वाटेवरचं गाव

आमचं चंद्रपूर एका सशाने वसवलं. हे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते आधी चहाच्या कपाकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. पुण्याचे पाहुणे तर जरा जास्तच सहानुभूतीने पाहतात. त्यांच्या गावची जमीन म्हणे सोन्याच्या नांगराने नांगरलेली, आमच्याकडे ससा! पण दंतकथा ही काही नवरदेवासारखी पाहून-पारखून पसंत करता येत नाही. वाट्याला आली ती गोड मानून घ्यायची. शिवाय असाच एकेक ससा अहमदाबादच्या आणि विजयनगरच्याही जन्मकथेत धावून गेलेला आहे, तेव्हा आमची संगत काही अगदीच हलकी नाही.

गोष्ट अशी. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. राजाचं अंग फोडांनी भरलेलं. शिकारीच्या नादात तो झरपट नदीवर आला, तिथल्या पाण्याने तोंड धुतलं, आणि फोड बरे झाले. (आजच्या झरपटीच्या पाण्याने हा प्रयोग कुणी करू नये.) पुढे याच भागात फिरताना त्याला एक विलक्षण दृश्य दिसलं. त्याचा शिकारी कुत्रा जीव मुठीत धरून पळतो आहे आणि एक ससा त्याच्या मागे लागला आहे. राजाने घोडा मागे घातला. ससा-कुत्र्याने मोठमोठी वळणं घेतली. मध्येच एका ठिकाणी ससा कुत्र्याला भिडला, कुत्र्याने अंग झाडून सुटका करून घेतली, पुन्हा शर्यत सुरू. शेवटी मात्र कुत्र्याने सशाला मारलं. पाहतात तो सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राणी शहाणी होती. ती म्हणाली, या सशाच्या वाटेवरून तट बांधा आणि आत शहर वसवा. ससा जिथे भिडला आणि जिथे मेला, तिथे खास बुरूज घाला, कारण धोका यायचा तो तिथूनच.

राण्यांचं ऐकायची पद्धत तेव्हा होती. तटाची आखणी झाली, पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला, आणि आज सुमारे ११ किलोमीटरचा तो परकोट आमच्या गावाला वेढून उभा आहे.

लहानपणापासून मला या गोष्टीत एकच शंका छळते. कुत्रा सशाहून मोठा, दात मोठे, वजन चौपट. अंगावर ना चिलखत ना ढाल, अशा त्या एवढ्याशा जिवाने इतका वेळ टिकाव धरला तो कशावर? आमच्या इतिहासाच्या सरांना हे विचारलं, तेव्हा त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. शंका तशीच राहिली. ती पन्नास वर्षांनी माझ्या भाच्याने उकरून काढली.

भाचा पुण्याचा. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला आला. मे महिन्यात चंद्रपूरला स्वखुशीने येणारा माणूस एक तर फार प्रेमळ असतो किंवा त्याला तापमानाचे आकडे वाचता येत नाहीत. पारा ४६ च्या खाली उतरायला तयार नाही, कूलर हवेऐवजी नुसता आवाज देतोय, आणि हा पठ्ठ्या जमिनीवर पालथा पडून सात फासे, एक पेन्सिल आणि एक छापील कागद घेऊन बसलेला. फासे दिसताच आमच्या सौ.ना महाभारत आठवलं. “वन्सं तिकडे काय लक्ष देतात की नाही?” असं त्या स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल एवढ्या हळू म्हणाल्या.

पण हा जुगार नव्हता. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, “समोर दार आहे, दारामागे काहीतरी गुरगुरतंय, काय करता?” मग प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वतीने काय ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. थोडक्यात, आपल्या कीर्तनात बुवा एकटेच बोलतात, इथे श्रोत्यांनाही बोलायची मुभा. फक्त आधी स्वतःचं पात्र बनवावं लागतं. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशी सहा घरं असतात, आणि २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे त्यांत वाटायला २७ गुण मिळतात. आमच्या वेळी पत्रिकेत ३६ गुण असत आणि १८ जमले की लग्न लागे. त्या मानाने २७ म्हणजे चांगलीच चंगळ. पण या गुणांची गंमत अशी की घरात आठ फुकट असतात, तेराच्या वर गेलं की प्रत्येक पायरीला दुप्पट किंमत पडते, आणि एका घरात पंधरा करायला नऊ गुण जातात. म्हणजे तीन घरांत पंधरा केलेत की उरलेल्या तीन घरांत आठच.

“मामा,” भाचा म्हणाला, “मला असा माणूस बनवायचाय की जो अगदी पुढे उभा राहून लढेल, पण त्याला कुणाचा वार लागणार नाही. आणि जड चिलखत नको.”

असे दोन-तीन गृहस्थ मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत, पण ते अगदी पुढे उभे राहत नसत.

मग त्याने मला हिशेब समजावून सांगितला. प्रत्येक पात्राला बचावाचा एक आकडा असतो. शत्रूच्या फाशाने तो आकडा गाठला तर वार बसला, नाही तर हुकला. ही कल्पना म्हणे आर्नेसनने मुळात जहाजांच्या युद्धखेळातून उचलली. संपूर्ण लोखंडी चिलखत घातलं की हा आकडा थेट अठरा. पण ते चिलखत ६५ पौंडांचं, किंमत सोन्याची १५०० नाणी, अंगात बळ कमी असेल तर चाल मंदावते, आणि खुडबूड इतकी की चोरपावलांनी जायचं म्हटलं तर शेजारच्या गावातली कुत्री भुंकतील. शिवाय ते घातल्यावर तुमच्या चपळाईला काही भावच उरत नाही. तुम्ही हरीण असा की म्हैस, आकडा अठराच. उलट खिळे मारलेलं चामड्याचं चिलखत ४५ नाण्यांत मिळतं. त्याचा आकडा बारा, पण त्यात चपळाईची भर पडते. हातात हलकी तलवार असेल तर वारसुद्धा बळाऐवजी चपळाईवर करता येतो. ढालीचे दोन आणखी. पोराने चपळाई पंधरा, काटकपणा पंधरा, आणि नायक म्हटल्यावर रुबाब हवाच म्हणून छाप पंधरा केली. बळ आठ, बुद्धी आठ, शहाणपण आठ.

“शहाणपण आठच?” मी विचारलं.

“ते काय कामाचं लढाईत?” भाचा म्हणाला. पुण्यात शिक्षण चांगलं मिळतं.

हे सगळं आमच्या शेजारच्या निवृत्त व्यायामशिक्षकांनी कुंपणावरून ऐकलं. त्यांचं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेलं. १९१४ साली निघालेल्या त्या संस्थेच्या मुलांनी १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते, हे ते वर्षातून किमान एकदा सांगतात. ते घरात गेले आणि फरी-गदका घेऊन आले. वाचकांपैकी तरुणांना हे माहीत नसेल, म्हणून सांगतो. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, फरी म्हणजे चामड्याची छोटी गोल ढाल. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, आपलं अंग वाचवायचं आणि दुसऱ्याच्या अंगाला गदका लावायचा. फरी एवढीशी असते की तिच्याआड माणूस सोडा, मांजरही लपणार नाही. सगळी मदार पायांवर. भाच्याने ढाल छातीशी धरली तसे गुरुजी ओरडले, “अंगाजवळ धरशीन तं ढालीसकट मार खाशीन, पोरा! पुढं धर. वार येऊ देऊ नको, वाटंतच तोड त्याले.” आणि वय वर्षे ७४ असलेल्या त्या गृहस्थाने पाऊण मिनिटात माझ्या भाच्याला सात ठिकाणी गदका लावून दाखवला. त्यांच्या अंगाला एकदाही लागला नाही. ते फारसे हललेसुद्धा नाहीत. फक्त भाचा जिथे मारी, तिथे ते नसत.

पट्टा ही त्याच्याही पुढची पायरी. पट्ट्याच्या मुठीला खोबळा असतो, तो हात कोपरापर्यंत झाकतो. मनगट आत अडकतं, त्यामुळे वार खांद्यातून आणि सगळ्या अंगातून फिरवावा लागतो. पट्टा फिरवणाऱ्या माणसाचं शस्त्र तेच त्याचं कुंपण. मात्र पट्टेकऱ्यालाही मर्यादा असतात. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाने पट्टा उगारला आणि जिवा महालाने त्याचा हातच उतरवला. महाराजांनी त्या दिवशी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, वाघनखं घेतली होती, सगळी तयारी होती. तरी ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण म्हणतोच. भाच्याच्या पुस्तकातही अशी सोय आहे. ढालवाला लढवय्या शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यावरचा वार बिघडवू शकतो. “म्हणजे जिवा महाला नियमात बसतो!” म्हणून पोरगं खूश झालं.

आता चिलखताची दुसरी बाजू. आमचा परकोट म्हणजे गावाने घातलेलं संपूर्ण लोखंडी चिलखत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि पाच खिडक्या. त्यांतल्या एका खिडकीचं नाव चक्क चोर खिडकी. निसटायला वाट ठेवून तट बांधणाऱ्या त्या अनामिक गवंड्याबद्दल मला फार आदर आहे. दरवाज्यावर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर चाल करून त्याला खाली दाबणारा सिंह. हत्ती म्हणजे वजन, सिंह म्हणजे झेप. दरवाज्यावर झेप कोरली आणि गावाभोवती वजन उभारलं, ही विसंगती तेव्हा कुणाला दिसली नसावी. आता तटावर झुडपं माजली होती. इको-प्रो या आमच्याकडच्या संस्थेची मंडळी २०१७ पासून हातात विळे-कुदळी घेऊन तो साफ करत आली आहेत, म्हणून निदान तो दिसतो तरी.

या चिलखताची परीक्षा १८१८ साली झाली, आणि तिला कारणीभूत झाले खुद्द श्रीमंत. दुसरे बाजीराव पेशवे. माझ्या मते भाच्याला हव्या असलेल्या पात्राची पहिली आवृत्ती हीच. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि तिथून जे निघाले ते निघालेच. इंग्रजांच्या तीन-चार फौजा मागे, आणि हा माणूस महिनोन् महिने हाती लागत नाही! फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले. त्यांनी आपले सगळे गुण बळाच्या घरात टाकले होते. बाजीराव पुढे सरकले. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळेल या आशेने त्यांनी आमच्या चांद्याची वाट धरली, पण १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी इथे कर्नल अ‍ॅडम्सने त्यांना गाठलं. फौज उधळली, बाजीराव पुन्हा निसटले. शेवटी ३ जूनला माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन १८५१ पर्यंत बिठूरला राहिले. पळाल्याबद्दल तेहेतीस वर्षं पेन्शन! याच बाजीरावांच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते, ज्यांनी मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणला. म्हणजे चपळाईचा उत्तम शिक्षक घरात होता. धन्यांनी त्यातलं खांबावर चढायचं वगळलं आणि उतरायचं तेवढं उचललं. तरी त्यांना ‘पळपुटा’ म्हणून इतिहासाने एका शब्दात निकालात काढलं, हे मला पुरतं पटत नाही. वार चुकवणं आणि रणांगण सोडणं यांत फरक आहे हे खरं, पण तो फरक काठावर बसून जितका स्वच्छ दिसतो तितका आत उभं राहिल्यावर दिसत नसावा.

बाजीराव आले नाहीत, अ‍ॅडम्स मात्र आला. मे महिन्यात आला आणि मे महिन्यातच तटाला खिंडार पाडून आत शिरला. किल्लेदार गंगासिंग या लढाईत गेला. ११ किलोमीटरचा तट राखायचा म्हणजे ११ किलोमीटर माणसं हवीत. पाडणाऱ्याला चार-दोन गाड्या जातील एवढी जागा पुरते. तट काही सशासारखा बाजूला उडी मारू शकत नाही. पिढ्यान् पिढ्या खपून घातलेलं चिलखत, आणि ते महिनाभरही टिकलं नाही.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो भलताच खूश झाला. आपलं चामडं बरोबर आणि राजाचं लोखंड चूक, असं त्याने त्यातून काढलं. मग मी त्याला चाळीस वर्षं पुढे नेलं.

१८५८. गाव मोलमपल्ली, तालुका अहेरी. तेव्हा सगळा चांदा जिल्हा. गडचिरोली वेगळी झाली ती २६ ऑगस्ट १९८२ ला. इथला पंचविशीतला गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके. आदल्या वर्षी उत्तरेत उठाव झालेला. बाबूरावांनी गोंड, माडिया, रोहिले अशी पाचेकशे तरुण पोरं जमवली, त्या दलाचं नाव जंगोम दल. मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन धावला, नांदगाव-घोसरीला गाठ पडली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. मग सगनापूर, बामनपेठ. ही नावं आज एस. टी.च्या पाट्यांवर वाचली तरी पुरे, रस्ता आणि रान कसं आहे ते कळतं. तट नाही, चार दरवाजे नाहीत. साग, बांबू, नाले आणि प्राणहिता. शिपायाने बंदूक रोखावी तर समोर झाड. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर छापा पडला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला.

इथे क्रिक्टनची अक्कल दिसते. ससा पळून पकडता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने रानात आणखी फौज घुसवण्याऐवजी बाबूरावांवर १००० रुपयांचं बक्षीस लावलं आणि अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दबाव आणला. बाईंचं नाव लक्ष्मीबाई. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढता लढता गेली होती. इतिहासाला नावांची टंचाई असते ती अशी. अहेरीच्या बाईंना एका शब्दात दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण डोक्यावर कंपनी सरकार, पदरी जमीनदारी, आणि समोर ‘देता की घालवता’ असा सवाल. तेव्हाच्या कितीक मोठमोठ्या संस्थानिकांनी काय उत्तर दिलं ते आपल्याला ठाऊक आहे.

बाईंच्या रोहिल्यांनी भोपालपटनमला बाबूरावांना पकडलं. ते तिथूनही निसटले! इथपर्यंत ऐकल्यावर भाच्याने टाळी वाजवली. पण सप्टेंबरमध्ये ते पुन्हा सापडले आणि क्रिक्टनच्या हवाली झाले. सहा महिने ज्याला बंदुका लागल्या नाहीत, तो ओळखीच्या माणसांच्या हाती लागला.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग त्याने आपलं जाडजूड पुस्तक उघडलं आणि एक पान माझ्यापुढे धरलं. नियम असा की तुम्ही हल्ला न करता नुसतं चुकवायचं ठरवलंत तर शत्रूला दोन फासे टाकावे लागतात आणि त्यांतला कमी आकडा धरतात. पण खाली दोन अटी होत्या. एक, वार करणारा तुम्हाला दिसत असला पाहिजे. दोन, कुणी तुम्हाला धरून ठेवलं आणि तुमची चाल शून्य झाली की चुकवणं संपलं. “आणि समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखायचा फासा,” तो हळूच म्हणाला, “शहाणपणावर पडतो.”

२१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूराव शेडमाक्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. व्यंकटराव बस्तरच्या रानात गेले, तेही १८६० मध्ये सापडले आणि जन्मठेपेवर गेले. त्यांच्या अडपल्ली-घोट जमीनदारीची ६७ गावं अहेरीला बक्षीस मिळाली. टपाल खात्याने बाबूरावांचं तिकीट काढलं ते २००९ साली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाच्याने खोडरबर काढलं. चपळाईच्या घरातले पंधरा पुसून चौदा केले. त्याने दोन गुण सुटतात. ते शहाणपणात टाकले, आठाचे दहा झाले. रात्री पुण्याहून त्याच्या सूत्रधाराचा फोन आला. चांगला जमलेला बचाव याने हाताने उतरवला, म्हणून तो चिडला होता. कारण काय, म्हणून विचारत होता.

“अहेरी,” हा म्हणाला.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग विचारणा झाली, “हे कुठल्या पुस्तकात आहे?”